पेन्शनचं स्वयंपाकघर

कुंदाआत्या तयार होऊन बाहेर आली आणि वेदांगच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला. मोरपिशी इरकल, कानांत मोत्याच्या कुड्या आणि खांद्याला ती पुण्याहून आणलेली काळी पर्स.

"आत्या, एवढं नटून?"

"मग? पेन्शनच्या कामाला जायचं तर गबाळं जायचं का? अरे, तिथले साहेब आधी माणसाकडे बघतात आणि मग फाइल उघडतात. माझ्या हयातीच्या दाखल्याची पोचसुद्धा घेतलीय बरोबर. लागली तर लागली."

वेदांगनं बापाकडे पाहिलं. सदानंद बादलीत फडकी आणि फिनेल भरत होता. त्यानं डोळ्यांनीच मुलाला खुणावलं, गप्प बस. बहिणीची फिरकी घ्यायची अशी संधी साठाव्या वर्षी सारखी सारखी थोडीच येते.

यात कुंदाआत्याची चूक काडीची नव्हती. चूक होती ती या घराच्या जिभेची. आखातात नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला दरमहा पेन्शन कोण देणार? नोकरी सुटली की कंपनी हातावर एकरकमी ग्रॅच्युइटी ठेवते आणि खलास, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. अबूधाबीजवळच्या मुसफ्फातली फॅब्रिकेशनची कंपनी बंद झाली तेव्हा सदानंदला बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी मिळाली. ती त्यानं बँकेत टाकली नाही की म्युच्युअल फंडवाल्याच्या हाती दिली नाही. आपण आपलं बघू म्हणाला. तिच्यात होती नव्हती ती शिल्लक घातली आणि दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत, पर्शिया क्लस्टर म्हणतात त्या इमारतींमध्ये, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तेव्हा २००८ साल नुकतंच लागलं होतं. साडेचार लाख दिरहम, म्हणजे त्या वेळचे अठ्ठेचाळीस लाख रुपये.

"हे घर नाही हं," चावी हातात आली त्या दिवशी त्यानं सगळ्यांना बजावलं होतं. "ही पेन्शन आहे. भाडं येईल ते म्हातारपणी खायचं."

तेव्हापासून त्या फ्लॅटला कोणी फ्लॅट म्हटलं नाही. पेन्शनचा एसी बिघडला, पेन्शनला रंग द्यायला झालाय, पेन्शनच्या बाथरूममध्ये गळतंय. फोनवर पुण्याला हे तुकड्यातुकड्यानं ऐकून कुंदाआत्यानं आपली समजूत करून घेतली होती. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून स्वतः पेन्शन खाणारी बाई, ती दुसरं काय समजणार?

गाडी निघाली तशी मागच्या सीटवरून तिनं विषय काढलाच. "सदा, विकायचं नक्की ठरलं?"

"ठरलंच म्हण. जुम्म्याचा नमाज झाला की पार्टी येणार आहे चेक घेऊन. हमदुल्ला म्हणून पठाण आहे, ड्रॅगन मार्टमध्ये टाइल्सचं दुकान आहे त्याचं."

"टाइल्सवाला पेन्शन विकत घेतो?"

"इथे कोणीही घेतं, ताई."

"सगळी?"

"सगळी."

"अरे, सगळी विकायची नसते!" कुंदाआत्या पुढे सरकून बसली. तिच्या लेखी पेन्शन विकणं म्हणजे रिटायर होताना पेन्शनचा काही हिस्सा सोडून त्याचे रोख पैसे एकदम उचलणं. सरकारी माणसं सर्रास करतात. "मीसुद्धा विकली, पण ठरावीक तेवढीच. त्यात स्वयंपाकघराच्या फरश्या बदलल्या. बाकीची दर महिन्याला येते म्हणून आज कोणाचं ऐकून घ्यावं लागत नाही. थोडी खा, थोडी ठेव. शोभना, तू तरी सांग याला."

सदानंदची बायको शोभना खिडकीबाहेर बघत होती. "मी काय सांगणार, ताई. पैशाचं सगळं तेच बघतात." एवढं बोलून तिनं मांडीवरची पिशवी जरा जवळ ओढली.

*

वेदांगची धाकटी बहीण अवनी रास अल खैमाहून परस्पर आली होती आणि लेकीला, श्रियाला, घेऊन लिफ्टपाशी उभी होती. सुजीतची सिरॅमिकच्या कारखान्यात शिफ्ट होती म्हणून जावईबापू नव्हते.

"ऑफिस बरं आहे," चौथ्या मजल्यावरच्या बंद दारांकडे बघत कुंदाआत्या म्हणाली. "पण शुक्रवारी उघडं असतं?"

सदानंदनं कुलूप काढलं आणि दरबारी थाटात हात पसरला. "या, ताईसाहेब. ही माझी पेन्शन."

आत्या आत गेली. रिकामा हॉल, आतली खोली, बाल्कनी. शेवटी ती ओट्यासमोर येऊन थांबली आणि तिनं नळ सोडून बघितला. पाणी आलं.

"सदा, पेन्शनला स्वयंपाकघर कसं?"

मग जो हशा उसळला तो शेजारच्यांनीही ऐकला असणार. अवनी तर भिंतीला टेकून खालीच बसली. आत्यानं पर्स उचलून भावाच्या पाठीत हाणली, एकदा नाही, तीनदा.

"गाढवा! पाच वर्षं मी अख्ख्या सोसायटीत सांगत सुटलेय, आमच्या सदाला दुबई सरकारची पेन्शन आहे म्हणून! त्या सुजाताबाईंना काय तोंड दाखवू आता?"

"हेच दाखव. नाहीतरी आज छान दिसतेयस."

हसू ओसरल्यावर सगळे कामाला लागले. मुनीरनं, म्हणजे जुन्या भाडेकरूनं, घर नीटच ठेवलं होतं. केरळातल्या कोळिकोडचा तो संसारी माणूस मागच्याच आठवड्यात बायकोमुलांना घेऊन शारजाला राहायला गेला. भिंतीवर नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारा किब्ल्याचा हिरवा बाण मात्र तसाच राहिला होता.

वेदांग बाल्कनीची जाळी धूत होता आणि मनातून अगदी खूश होता. या दिवसाची त्यानं किती वाट बघितली होती! फ्लॅट घेतल्यावर वर्ष सरायच्या आत बाजार कोसळला. क्रेन थांबल्या, लोक विमानतळावर गाड्या सोडून गेल्याचे किस्से रोज कानावर यायला लागले. त्यानं कॉम्प्युटरवर भाव बघून सांगितलं होतं, बाबा, निम्म्याच्याही खाली आलाय. बाबा एवढंच म्हणाले, "मुनीरनं भाडं दिलं ना? मग झालं तर." पण त्याच महिन्यात त्यांनी सिगरेट सोडली, गाडी विकली आणि कंपनीच्या बसनं जायला लागले. विचारलं की म्हणायचे, तब्येतीसाठी. वेदांगला हे कधी सहन झालं नाही. ज्या दिवशी भाव परत साडेचार लाखांवर येईल त्या दिवशी हे ओझं बाबांच्या डोक्यावरून उतरवायचं, असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि आता हमदुल्ला साडेचार लाखांना हो म्हणाला होता.

"बाबा, मजा बघा ना," तो आतल्या दिशेनं ओरडला. "दिरहममध्ये जेवढ्यास तेवढे. पण रुपयात? तेव्हा अठ्ठेचाळीस, आज शहात्तर लाख! आपला रुपया पडला तो आपल्याच पथ्यावर."

"सोन्यासारखा मुहूर्त काढलास बाबा तू," सदानंद फरशी पुसता पुसता म्हणाला.

सगळं जुळून आलं होतं. महिनाअखेर सदानंदची नोकरी संपणार, कंपनीचं घर सोडावं लागणार. व्हिसा वेदांग आपल्यावर काढणार आणि आईबाबा अल नाहदाला त्याच्याकडे राहणार. त्याची बायको ईशानी माहेरी बाळंतपणाला गेली होती, ती बाळाला घेऊन येईपर्यंत घर मांडून होईल. पैसे पुण्याच्या बँकेत. कुंदाआत्याचंही आपलं एक गणित होतं. तिच्या शेजारचा फ्लॅट विकायला निघाला होता आणि हे शहात्तर लाख तिथे कसे वळवायचे, हे ती आकडा ऐकल्यापासून वेदांगला समजावत होती. भाऊ शेजारी आला तर संध्याकाळी बोलायला घरचं माणूस मिळेल, दुसरं काय हवं होतं तिला.

*

शोभनानं ओटा पुसला, मग परत पुसला. खरं तर तो पहिल्यांदाच लख्ख झाला होता.

किती स्वयंपाकघरं झाली, ती मोजायच्या फंदात पडली नाही. मुसफ्फाचा तो कंपनीचा व्हिला, जिथे चार बिऱ्हाडांत एकच शेगडी होती आणि फ्रिजमधल्या दह्यावर नाव चिकटवावं लागायचं. मग अबूधाबी शहर, मग दुबई. सगळीकडे ओटा कंपनीचा, पडदे कंपनीचे, खिळा ठोकायचा तर परवानगी कंपनीची. हा ओटा तेवढा तिचा. आणि या ओट्यावर पाच वर्षं मुनीरच्या बायकोनं मासे तळले. तिचा राग नव्हता हो, बिचारी गुणी होती. पण गळकी तोटी बघायला यायचं आणि पाहुण्यासारखं हॉलमध्ये बसून तिच्या हातचा चहा प्यायचा, तेव्हा शोभनाची नजर सारखी या ओट्याकडे जायची.

तिनं पिशवीतून छोटी विजेची शेगडी काढली, पितळी पातेलं काढलं, दुधाची बाटली काढली.

"अवनी, पूर्व कुठली गं?"

"मला काय माहीत? फोनमध्ये बघू?"

"थांब." शोभना हॉलमध्ये जाऊन भिंतीवरच्या हिरव्या बाणासमोर उभी राहिली. मक्का इथून पश्चिमेला, एवढं तिला सत्तावीस वर्षांत कळलं होतं. म्हणजे बाणाकडे पाठ केली की समोर पूर्व. तिनं पाठ फिरवली, हातानं रेघ धरून थेट ओट्यापर्यंत आली आणि पूर्वेकडे कललेलं राहील असं पातेलं शेगडीवर ठेवलं.

अवनीला आता कुठे उलगडलं. नवीन घरात पहिल्यांदा दूध उतू घालवतात, ते हे. तिनं आईकडे पाहिलं आणि बाटलीचं झाकण काढून दिलं.

बटणाचा आवाज ऐकून सदानंद दारात आला. "हे काय चाललंय?"

"दूध तापवतेय."

"अगं, तासाभरात पार्टी यायचीय! आणि तेव्हाच सांगितलं होतं मी, पेन्शनमध्ये कोणी दूध उतू घालवतं का?"

"तेव्हा ऐकलं तुमचं. पातेलं त्या दिवशीही आणलं होतं मी. तसंच परत नेलं."

वेदांग ओल्या हातांनी धावत आला, मागून आत्या आली. त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात सगळी गर्दी झाली.

"आई, शेवटचं म्हणून करतेयस ना? कर की," वेदांग समजुतीनं म्हणाला.

"शेवटचं म्हणून नाही." शोभनानं पदराला हात पुसले. "मला इथे राहायचंय. विकायचं नाहीये मला हे. झालं, बोलले एकदाची."

वेदांगनं ओले हात पँटला पुसले.

"आई, पण माझं घर तुझंच नाही का?"

"तुझं घर तुझं आणि ईशानीचं आहे, बाळा. मी तिथे कायम विचारून डबे उघडणार. ती आली की रोज येईन, बाळाला न्हाऊमाखू घालेन, आणि संध्याकाळी माझ्या घरी परत येईन. गाडीनं अर्ध्या तासाचा रस्ता आहे."

"आणि पुणं?" कुंदाआत्यानं हळूच विचारलं.

"पुण्यात मला ओळखतं कोण, ताई? इथला भाजीवाला मला बहीण मानून विचारतो, बाजी, चार दिवस दिसला नाहीत."

"आईचं बरोबर आहे," अवनी म्हणाली. "मला पण रास अल खैमाहून यायला माहेर नको का? कंपनीचं घर गेलं की मी यायचं कुठे, दादाकडे?"

"दादाकडे यायला काय झालं?" वेदांग उखडला. "तू मध्ये पडू नकोस. मी त्या माणसाला शब्द दिलाय. आणि बाबांचे पैसे पहिल्यांदा परत येतायत. उद्या पुन्हा भाव पडला तर?"

"पडू दे की," शोभना म्हणाली. "ओटा पडणार आहे का?"

सदानंदला हसू आलं ते त्यानं गिळलं. तो दाराच्या चौकटीला टेकला. "शोभना, नीट ऐक. आपणच पेन्शनमध्ये राहायला गेलो तर पेन्शन देणार कोण? भाडं बंद. मी हे सगळं कोणासाठी केलं? मी असेन नसेन, तुला मुलांपुढे हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून केलं ना. अर्ध्या भावाला आला तेव्हासुद्धा विकला नाही तो त्याचसाठी."

"माहीत आहे मला."

"मग पाच वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही वेदांगला भाव विचारत होतात." तिचे डोळे भरून आले. "मला एकदा विचारलं असतंत ना, तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं."

ती म्हणत होती ते शब्दन् शब्द खरं होतं आणि सदानंदला मनापासून वाईट वाटलं. एसीची गळती, रंग, दुरुस्ती, सगळं त्यानं विचारलं होतं, मुनीरला विचारलं होतं, वॉचमनला विचारलं होतं.

कुंदाआत्या आतापर्यंत भावजयीच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोक्यातला पुण्याचा शेजारचा फ्लॅट, संध्याकाळच्या गप्पा, सगळं हातचं चाललं होतं. पण तिनं आयुष्यभर गणित शिकवलं होतं, आणि उत्तर समोर दिसत असताना चुकीचं लिहायची तिला सवय नव्हती.

"सदा, महिनाअखेर तुला काही मिळणार आहे की नाही? या नोकरीचं?"

"मिळणार ना. पाच वर्षांची ग्रॅच्युइटी. पण ती पहिलीसारखी भरघोस नाही, ताई."

"नसू दे. म्हणजे तुझ्या पेन्शनी दोन झाल्या. मग मी गाडीत काय घसा फोडून सांगत होते? थोडी खा, थोडी ठेव! ही दुसरी बँकेत टाक आणि तिचं व्याज खा. पहिलीत राहा. दोन म्हाताऱ्या जिवांना लागतं काय? भाडं येणार नाही, तसं भरावंही लागणार नाही."

"आत्या, तू तर विकायच्या बाजूनं होतीस!" वेदांग चाटच पडला. "तुझ्या शेजारचा फ्लॅट..."

"तो घेईल कोणीतरी." आत्यानं नाक ओढलं. "मी येईन दरवर्षी इथे. मला व्हिजिट व्हिसा द्यायचा. फक्त नोव्हेंबरात बँकेत जाऊन जिवंत असल्याचं सांगावं लागतं, ते उरकून येईन. यंदा आले तशीच."

सदानंदनं बहिणीकडे पाहिलं. ती काय सोडतेय हे त्याला बरोबर कळलं. तो काही बोलणार तेवढ्यात श्रिया ओरडली, "आजी! इट्स ओव्हरफ्लोइंग!"

आणि त्याच वेळी दारावरची बेल वाजली.

*

दूध पातेल्याच्या काठावरून उतरलं, शेगडीवर चरचरलं, ओट्यावरून फरशीवर आलं. सरळ पूर्वेकडे. शोभनानं हात जोडले. पुसायला पुढे झालेल्या अवनीला तिनं कोपरानं मागे सारलं.

वेदांगनं दार उघडलं. हमदुल्ला पांढऱ्याशुभ्र पठाणी कपड्यांत उभा होता, नमाजाहून थेट आलेला. चपला दाराबाहेर काढून तो आत आला, भिंतीवरचा बाण बघून खूश झाला आणि मग दुधाच्या वासानं थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

"बाजी, दूध गिर गया।"

"गिराया है," शोभना आपल्या हिंदीत म्हणाली. "हमारे में नए घर में पहले दिन दूध गिराते हैं।"

"नया घर?" त्यानं छताकडे, नळाकडे, सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "ये तो पाँच साल पुराना है।"

"मेरे लिए नया है।"

हमदुल्ला सावकाश सदानंदकडे वळला. "सदानंद भाई, एक बात बताओ। आप लोग बेच रहे हो कि बस रहे हो?"

वेदांग बापाकडे बघत होता, अवनी बघत होती, पर्स छातीशी धरून आत्या बघत होती. शोभना तेवढी कोणाकडेच बघत नव्हती. ती फरशीवरच्या दुधाकडे बघत होती.

"माफ करना, हमदुल्ला भाई," सदानंद म्हणाला. "सुबह तक बेच रहे थे। अब बस रहे हैं।"

शोभनानं तोंडाला पदर लावला.

"अरे, तो फोन कर देते यार!" पठाण चिडलाच, का चिडणार नाही? "जुम्मे के दिन पार्किंग ढूँढने में मेरा दम निकल गया!" मग तो पुन्हा एकदा शोभनाकडे बघून जरा निवळला आणि वेदांगच्या खांद्यावर त्यानं जड पंजा ठेवला. "चलो हबीबी, अब दूसरा तुम ढूँढोगे। यही क्लस्टर, यही भाव। एक दिरहम ऊपर नहीं।"

"ढूँढूँगा, भाई। पक्का."

"इन्शाल्ला बोलो।"

"इन्शाल्ला."

उरलेल्या दुधात साखर घालून शोभनानं पहिला पेला त्याच्याच हातात दिला. तो उभ्यानं प्यायला, मिशी पुसली, आणि जाता जाता म्हणाला की टाइल्स बदलायच्या असतील तर दुकानात या, बाजीला डिस्काउंट.

*

संध्याकाळी सगळं आवरून झाल्यावर वेदांगनं गाडीची चावी काढली. "यल्ला, निघू या."

"तुम्ही व्हा पुढे," शोभना बाल्कनीतून म्हणाली. "मी आज इथेच झोपणार आहे."

"आई, गादी नाही, पंखा नाही, काही नाही इथे!"

"फरशी आहे. मीच पुसलीय."

आत्यानं पर्समधून शाल काढून भावजयीच्या हातात कोंबली. विमानात थंडी वाजते म्हणून आणलेली होती. "घे. आणि सदा, तू काय करतोयस?"

सदानंद चपला घालून उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, चपला काढल्या आणि दाराशी नीट जोडून ठेवल्या.

गाडीत वेदांगला शब्द मोडल्याचं लागलं होतं, पण बाबांचा तो चपला काढतानाचा चेहरा आठवला की हसूही येत होतं. असा निवांत चेहरा त्यानं साडेचार लाखांचा भाव सांगितला तेव्हासुद्धा पाहिला नव्हता. अकॅडमिक सिटीच्या रस्त्याला लागले तोच फोन वाजला.

"वेदांग, ऐक. उद्या सकाळी येताना माझ्या बीपीच्या गोळ्या आण. आणि दोन उश्या. आणि आईचं ते दह्याचं भांडं."

"आणतो. कुठे, पेन्शनला?"

पलीकडून आईचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, मग बाबांचं हसणं.

"घरी आण रे," सदानंद म्हणाला.